पॉवर कॉर्ड बदलली की कॉम्प्युटरचा आवाज सुधारतो का? सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेकडे आता घरोघरी छोटे स्टुडिओ झालेत. गाण्याचे क्लास ऑनलाइन चालतात, भजनी मंडळं स्वतःच रेकॉर्डिंग करतात, मिरजेतले कारागीर नव्या तानपुऱ्याची जवारी (तारेची झणकार) गिऱ्हाइकाला मोबाइलवर ऐकवतात. अशा खोल्यांमधली जोडणी करून देणं हे माझं काम. त्यामुळे "भारीतली कॉर्ड लावली की आवाज खुलतो म्हणे, मागवू का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. त्याची आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवतो.

सरळ सांगा. कॉर्ड बदलून आवाज सुधारतो का?

नाही. चांगल्या स्थितीतली, योग्य जाडीची साधी कॉर्ड काढून तिथे महागडी लावली, तर कॉम्प्युटरच्या आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही. 'चांगल्या स्थितीतली' हे शब्द मात्र सोडू नका. खराब कॉर्डचा त्रास खरा असतो. शिवाय एक बारीक अपवादही आहे, तो खाली 'घूंऽऽ'च्या प्रश्नात येईल.

वीज शुद्ध तर आवाज शुद्ध, हे पटण्यासारखं नाही का?

पटतं खरं, कारण भिंतीतली वीज थेट साउंड कार्डात शिरते असं आपण धरून चालतो. तसं होत नाही.

कॉर्डमधून आलेली वीज आधी एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात जाते. दारातच तिला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर भेटतो. बाहेरचा कचरा आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये, हे त्याचं काम. मग २३० व्होल्टच्या एसीची डीसी होते, साधारण ३२५ ते ४०० व्होल्टच्या घरात. ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. (हा कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो, म्हणून एसएमपीएस उघडू नका.) त्या साठ्यातून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट काढले जातात. इथेही बारीक लहर उरते. एटीएक्स या डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठीच्या नियमाप्रमाणे ती १२ व्होल्टच्या लाइनवर १२० मिलिव्होल्टच्या आत आणि बाकी दोन्हींवर ५० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. पुढे मदरबोर्डवर आणि ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या) आत पुन्हा रेग्युलेटर असतात, ते व्होल्टेज आणखी गाळतात. आवाज बनवणारी चिप या सगळ्याच्या शेवटी बसलेली असते.

नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीत पडतं आणि घरातली तोटी टाकीतून वाहते. टाकीत सोडलेला पाइप पितळेचा केला म्हणून तोटीच्या पाण्याची चव बदलत नाही.

आता कॉर्डच्या मागचा रस्ता बघा. वीज कोयनेची असो की आणखी कुठली, ती मैलोन्‌मैल ॲल्युमिनियमच्या तारांवरून येते. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर ११ हजार व्होल्टवरून ४३३ व्होल्टवर उतरते. मग खांब, सर्व्हिस वायर, मीटर, एमसीबी, भिंतीतली वायरिंग, बोर्डातला सॉकेट. त्यानंतर तुमची दीड मीटरची कॉर्ड. या सगळ्या प्रवासातलं बिघडलेलं शेवटच्या दीड मीटरनं दुरुस्त करायचं म्हटलं, तर ती कॉर्ड नव्हे, चमत्कार म्हणायचा.

पण महागड्या कॉर्डमध्ये तांबं जाड असतं. त्याचा काहीच फायदा नाही?

हिशेबच करू. बाजारातल्या चांगल्या कॉम्प्युटर कॉर्डमध्ये ०.७५ चौरस मिलीमीटरची तांब्याची तार असते. तिचा रोध मीटरला सुमारे २६ मिलिओहम. कॉर्ड दीड मीटरची, जाऊन-येऊन तार तीन मीटर, म्हणजे ७८ मिलिओहम. कॉम्प्युटर ३०० वॉट घेत असेल तर सव्वा ॲम्पिअरच्या आसपास करंट वाहतो आणि कॉर्डमध्ये पडतो ०.१ व्होल्ट. तार जाड केली, २.५ चौरस मिलीमीटरची, तर पडतो ०.०३ व्होल्ट. म्हणजे २३० मधून वाचले ०.०७.

तुमच्या बोर्डापासून मीटरपर्यंत दीड चौरस मिलीमीटरची वायर १५ मीटर असली, तर तिथेच अर्धा व्होल्ट जातो. शेजारच्यांनी पाण्याची मोटर चालू केली की याच्या कितीतरी पट घट होते. एसएमपीएसला यातलं काहीच बोचत नाही. हल्लीचे बरेचसे १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात आणि बाहेर तेच १२ व्होल्ट देतात.

जाळी गुंडाळलेल्या, म्हणजे शिल्डेड कॉर्डबद्दलही विचारतात. कॉर्डमधून बाहेर पडणारं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या माइकच्या केबलमध्ये घुसू शकतं, हे खरं. त्यावरचा फुकटचा उपाय असा की दोन्ही केबल एकत्र बांधू नका, वीतभर लांब ठेवा, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. टेबलामागे सगळ्या वायरींची सुबक वेणी घालून टाय मारणारे लोक बघितले की मला भरून येतं. दिसायला छान, ऐकायला वाईट.

मग ज्यांना फरक ऐकू येतो ते खोटं बोलतात?

मुळीच नाही. त्यांना फरक ऐकू येतोच. तो कॉर्डमुळे आलाय का, एवढाच प्रश्न आहे.

कॉर्ड बदलताना आणखी काय काय बदलतं ते बघा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू होतो, म्हणजे अडखळलेला ड्रायव्हर ताजा होतो. प्लग काढून घातल्यावर पिनांवरची काजळी घासली जाते. हात मागे घातला की केबल सरकतात. कधी प्लग दुसऱ्याच सॉकेटमध्ये जातो. आवाजाची पातळी किंचित वाढलेली असली, तरी कान त्याला 'मोठा' न म्हणता 'मोकळा', 'स्वच्छ' म्हणतो. हे सगळ्यांचंच होतं, तालीम घेतलेल्या कानांचंसुद्धा. आणि पंधरा हजार मोजून आणलेली वस्तू लावल्यावर माणूस जास्त मन लावून ऐकतो. मन लावून ऐकलं की त्याच गाण्यात कालपर्यंत न ऐकलेली तानपुऱ्याची झणकार सापडतेच. ती झणकार आधीही होती.

मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही लोक जीव ओतून ऐकतात, त्यातल्या खरखरीसकट. कान किती काय बाजूला सारू शकतो आणि किती काय शोधू शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

डिजिटल फाइलमधले बिट कॉर्डमुळे बदलतात का?

नाहीत. बदलत असते तर तुमच्या पगाराच्या एक्सेलमधले आकडेही बदलले असते. फाइलमधले बिट आणि त्यांपासून शेवटी तयार होणारा ॲनालॉग सिग्नल या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. गडबड झाली तर ती ॲनालॉग भागात होते, म्हणून खालचा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सतत 'घूंऽऽ' येतं. त्याला तरी कॉर्ड बदलू?

शंभरातल्या बहुतेकांचा खरा प्रश्न हाच असतो. कॉर्डचा विषय त्यांच्या डोक्यात नंतर कुणीतरी घातलेला असतो. आधी ते घूं ओळखा.

मऊ, खोल, एकसुरी आवाज असेल तर तो ५० हर्ट्‌झचा, थेट भिंतीतल्या विजेचा. जरा वरचा आणि करकरीत असेल तर १०० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतला. माऊस हलवला, विंडो सरकवली की किरकिर बदलत असेल, तर ती कॉम्प्युटरच्या आतली आहे, यूएसबीच्या ग्राउंडवरून येते. मोबाइल जवळ असताना 'टर्र टर्र टर्र' झालं तर मोबाइल लांब ठेवा, विषय संपला. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर बझ कमी-जास्त झाला, तर दोषी तो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करा. तसाही पंख्याचा वारा माइकमध्ये येतच असतो.

गाणाऱ्यांना हे हमिंग इतरांपेक्षा जास्त का छळतं, त्याला कारण आहे. १०० हर्ट्‌झ हा सूर पेटीच्या पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर पडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याला तो तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मधे कुठेतरी लोंबकळताना ऐकू येतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना तो शुद्ध निषाद आणि षड्जाच्या मधे, ऐन षड्जाच्या पायथ्याशी. म्हणजे तानपुरा कितीही नेटका लावला तरी खोलीत दुसरा एक बेसूर तानपुरा वाजतोच आहे. त्याला सुरात लावायची सोय नाही. ३१ डिसेंबर २०१३ पासून अख्ख्या देशाची ग्रिड एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलेली आहे, त्यामुळे सांगलीतलं घूं आणि चेन्नईतलं घूं एकाच सुरात डोलतं, ५० च्या जरा खाली, जरा वर.

कारण बहुतेक वेळा ग्राउंड लूप. कॉम्प्युटर एका बोर्डात, मिक्सर किंवा पॉवर्ड स्पीकर दुसऱ्या बोर्डात. दोन्हींना आपापल्या वाटेनं अर्थिंग. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोड्या मिलिव्होल्टचा फरक असतोच. तुम्ही दोघांना ऑडिओ केबलनं जोडता तेव्हा तिच्या बाहेरच्या जाळीतून, म्हणजे शिल्डमधून, तो फरक करंट होऊन वाहायला लागतो. साध्या दोन तारांच्या, अनबॅलन्स्ड केबलमध्ये शिल्ड हाच सिग्नलचा परतीचा मार्ग असतो, त्यामुळे तो करंट थेट गाण्यात मिसळतो.

उपाय याच क्रमानं करा. पहिला, सगळी यंत्रं एकाच बोर्डावरच्या एकाच चांगल्या एक्स्टेन्शनवर आणा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात आणि खर्च शून्य. दुसरा, इंटरफेस ते स्पीकर ही केबल बॅलन्स्ड घ्या, म्हणजे जिच्यात सिग्नलच्या दोन तारा शिल्डपासून वेगळ्या असतात, टीआरएस किंवा एक्सएलआर प्लगची, अर्थात दोन्हीकडे तशी सॉकेट असतील तर. तिसरा, तरीही राहिलं तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, ज्यातून सिग्नल जातो पण तारेची थेट जोडणी तुटते. जिथे ऑप्टिकल सोय आहे तिथे ऑप्टिकल केबल. प्रकाशातून हमिंग येत नाही.

आता तो अपवाद. अनबॅलन्स्ड जोडणीत दोन यंत्रांच्या पॉवर कॉर्डमधली अर्थची तार हीसुद्धा त्या लूपचा भाग असते. ती जाड असली तर दोन यंत्रांमधला अर्थचा फरक थोडा कमी होतो आणि हमिंगही मोजता येईल इतकं कमी होऊ शकतं. भौतिकशास्त्र याला नाही म्हणत नाही. पण तोच परिणाम दोन आखूड साध्या कॉर्ड एकाच एक्स्टेन्शनमध्ये लावून मिळतो, आणि बॅलन्स्ड केबलनं त्याहून कितीतरी जास्त.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की बझ येतो, काढला की जातो. का?

चार्जर दोन पिनांचा आहे का बघा. अशा चार्जरमध्ये फेजकडच्या आणि आउटपुटकडच्या बाजूंमध्ये एक बारीक कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट गळतो. धातूच्या बॉडीवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. चार्जर अस्सल असेल तर जिवाला धोका नसतो, पण ऑडिओ केबलला तेवढाही करंट पुरतो. कंपनीचाच तीन पिनांचा, अर्थ असलेला चार्जर मिळत असेल तर तो घ्या. तोवर रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. आधी चार्जर काढून पाहायचं, मग पाकीट.

साउंडवाल्यानं सांगितलं, अर्थची पिन काढून टाक, हमिंग जाईल.

जाईल, आणि एखाद दिवशी तुम्हीही. गंमत नाही ही. अर्थ तुटलेला असताना आत कुठे फेज बॉडीला टेकली, तर ती बॉडी २३० व्होल्टवर उभी राहते, आणि गाणारा माणूस एका हातात माइक, दुसरा हात मिक्सरवर ठेवून असतो. पावसाळ्यात गणपतीच्या मांडवात ओल्या जमिनीवर तर विचारच नको. लूप तोडायचा तो ऑडिओ केबलच्या बाजूनं तोडा. पॉवरच्या अर्थला हात लावायचा नाही. पिन कापलेली कॉर्ड दिसली की मी ती तिथेच मधोमध कापतो, मालक ओरडला तरी.

आमच्या घरात अर्थिंग आहे की नाही, कसं कळणार?

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. जुन्या वाड्यांत, विशेषतः गावभाग-खणभागातल्या जुन्या वायरिंगमध्ये, ते भोक शोभेपुरतं असू शकतं. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरनं तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल: २३० च्या आसपास. फेज-अर्थ: जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी किंवा तरंगतं आलं तर अर्थ तुटलेला आहे. न्यूट्रल-अर्थ बरंच वर गेलं तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा अर्थिंगनं मान टाकली आहे. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका, तो अर्थबद्दल काही सांगत नाही.

आपल्याकडची काळी माती अर्थिंगला चांगली, पण ओली असेपर्यंत. एप्रिल-मे मध्ये तिला भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवतीची पकड सुटते आणि रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची पद्धत म्हणूनच आहे. हमिंग उन्हाळ्यात वाढतं आणि मृगानंतर कमी होतं असं जाणवत असेल, तर खड्डा बघा. २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरात शिरलं होतं, तिथे खालच्या बोर्डांची जोडणी उघडून पाहिल्याशिवाय दुसरं काही करू नका. गंजलेल्या स्क्रूखालची तार वरून दिसत नाही. आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या. आवाजासाठी नाही, घरातल्या माणसांसाठी.

स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड, इन्व्हर्टर यांनी आवाजावर फरक पडतो?

स्टॅबिलायझरनं नाही. स्पाइक गार्ड व्होल्टेजच्या उसळीपासून यंत्र वाचवायला, आवाज सुधारायला नाही. इन्व्हर्टरचं मात्र लक्षात ठेवा: स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे गोलसर लहरीऐवजी चौकोनी लहर देतात, त्यावर पंखे आणि ट्रान्सफॉर्मरवाले ॲम्प्लिफायर घुर्र करतात, काही चांगले एसएमपीएस तर चालायलाच कुरकुरतात. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गोलसर लहर देणारा घ्या. लाइट गेलेले असताना रेकॉर्डिंग करायचं असेल तर हा खर्च सार्थकी लागतो.

मग कॉर्ड बदलायची तरी केव्हा?

प्लग गरम होतो, सॉकेटमध्ये डुगडुगतो, हलवल्यावर चरचर होते, कॉम्प्युटर मधेच रीस्टार्ट होतो, बाहेरचं आवरण चिरलंय किंवा उंदरानं कुरतडलंय. यातलं काहीही असलं तर आजच. मालिकेतल्या शेवटच्या भागासारखी वाट बघू नका.

नवी घेताना आयएसआय मार्क बघा, तारेवर जाडी छापलेली असावी, तीनही तारा असाव्यात. अगदी हलक्या, लवचिक, वजनच न जाणवणाऱ्या कॉर्ड टाळा. काहींत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, काहींत अर्थची तारच नसते, नुसती पिन. नीट कॉर्ड काही शे रुपयांत मिळते.

परदेशी महागड्या कॉर्डचा आणखी एक तोटा. तिचा प्लग आपल्या गोल पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही, मग मधे शंभर रुपयांचा ॲडॅप्टर येतो. हजारोंची कॉर्ड त्या ढिल्या ॲडॅप्टरवर लटकलेली पाहून काय बोलावं कळत नाही. बऱ्याच ॲडॅप्टरमध्ये अर्थही पुढे जात नाही.

दहा हजार रुपये बाजूला काढलेत. कुठे घालू?

आधी अर्थिंग आणि वायरमन. मग बॅलन्स्ड केबल. उरलेले खोलीत. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट, भिंतीपासून वीत-दोन वीत पुढे ओढलेले स्पीकर. फरशी, काच आणि रंगवलेल्या भिंती यांच्या उघड्या खोलीत गायलेला तराणा लाखाच्या माइकमध्येही न्हाणीघरात गायल्यासारखा येतो.

मला स्वतः तपासून बघायचंय. कसं?

कॉर्ड बदलून, चालू करून, ऐकून नका ठरवू. मधे दोन-तीन मिनिटं जातात आणि आवाजाची बारीक आठवण तेवढा वेळ टिकत नाही. त्यापेक्षा इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटमध्ये घाला. गेनला हात न लावता तीच फाइल एकदा जुन्या कॉर्डवर, एकदा नव्या कॉर्डवर रेकॉर्ड करा. मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याचा आलेख) काढून ५०, १००, १५० हर्ट्‌झची टोकं शेजारी ठेवून बघा. शांततेचंही एक मिनिट रेकॉर्ड करा, हमिंग त्यात जास्त स्पष्ट दिसतं.

कानानंच ठरवायचं असेल तर दोन्ही रेकॉर्डिंग फूबार या म्युझिक प्लेअरच्या एबीएक्स प्लगइनमध्ये टाका. कुठलं कुठल्या कॉर्डचं हे तो लपवून ठेवतो आणि तुम्ही ओळखायचं. दहा वेळा. पाच-सहा बरोबर आले तर ते नाणं उडवण्याइतकंच. नुसत्या नशिबानं नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता जेमतेम एक टक्का आहे, म्हणून नऊ किंवा दहा बरोबर आले तर मला दोन्ही फाइल पाठवा. मी त्या मोजेन, कारण मग तुमच्या जोडणीत कॉर्डशिवाय दुसरं काहीतरी बदललेलं असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि ते शोधायला मजा येईल.

कॉर्ड आधीच मागवलीय. आता?

परत करायची मुदत असेल तर परत करा. नसेल तर वापरा, तीही कॉर्डच आहे, वीज नेतेच. फक्त तिचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये ॲडॅप्टरशिवाय घट्ट बसतो ना, आणि वायरमनच्या मल्टिमीटरवर तिची अर्थची तार सलग दाखवते ना, एवढं लावण्याआधी तपासून घ्या.